पोर कुणाचं, पैज कुणाची

1946 साली अमेरिकेच्या हवाई दलातून बाहेर पडलेले दहा तरुण अधिकारी मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्नला, फोर्ड मोटर कंपनीत, एकदमच रुजू झाले. ‘घ्यायचं तर दहाही जणांना घ्या’ अशी त्यांची अट होती. म्होरक्याचं नाव टेक्स थॉर्नटन. वयं साधारण सव्वीस ते चौतीस. युद्धात या मंडळींनी आकडे सांभाळले होते: कुठल्या तळावर किती विमानं, किती सुटे भाग, किती माणसं आहेत आणि उद्या किती लागतील. फोर्ड कंपनी तेव्हा तोट्यात होती, हिशेबाचा पत्ता नव्हता आणि मालक हेन्री फोर्ड दुसरा हा स्वतःच अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याने दहाही जणांना घेतलं.

नवे पाहुणे खात्याखात्यांत जाऊन प्रश्न विचारत सुटले. हा भाग केवढ्याला पडतो? तो आपण का बनवतो, विकत का घेत नाही? हा कागद कोण वाचतं? वर्षानुवर्षं यंत्रांशेजारी घालवलेले जुने लोक वैतागले आणि त्यांनी या टोळीला नाव ठेवलं, ‘क्विझ किड्स’. नाव ठेवणं या शब्दाचे मराठीत जे दोन्ही अर्थ होतात, ते दोन्ही इथे लागू होते.

हे नाव त्यांनी रेडिओवरून उचललं होतं. जून 1940 मध्ये शिकागोहून ‘क्विझ किड्स’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. अवघड प्रश्न आणि समोर शाळकरी मुलं, असा त्याचा थाट. दर वेळी प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचं बचतपत्र मिळे. प्रश्न विचारणाऱ्या जो केली यांचं स्वतःचं शिक्षण तिसरीपर्यंतच झालं होतं, आणि श्रोत्यांना त्यातच गंमत वाटे. पुढे डीएनएच्या रचनेसाठी नोबेल मिळवणारा जेम्स वॉटसनही लहानपणी या कार्यक्रमात झळकून गेला होता.

फोर्डमधल्या दहा जणांनी कंपनीचा हिशेब ताळ्यावर आणला, तसं ‘क्विझ’चं ‘व्हिझ’ झालं. ‘व्हिझ’ हा मुळात सूंऽऽ करत काहीतरी निघून जातं त्याचा आवाज. तोवर अमेरिकी बोलीत हा शब्द ‘पटाईत माणूस’ अशा अर्थानेही रुळला होता, त्यामुळे थट्टेचं नाव एका अक्षराच्या फरकाने कौतुकाचं झालं. 1950 मध्ये फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाने पस्तीस वर्षांनी आपली साखळी जिंकली, तेव्हा त्या पोरसवदा खेळाडूंनाही वृत्तपत्रांनी ‘व्हिझ किड्स’च म्हटलं. आज दहा वर्षांच्या मुलीने संगणकाचं ॲप लिहिलं की इंग्रजी वर्तमानपत्राचा मथळा बहुतेक वेळा हाच शब्द वापरतो.

होतकरू पोरांसाठी इंग्रजी बोलीत असे डझनावारी शब्द आहेत. कोशात ते गुणवर्णन म्हणून नोंदलेले असतात, पण त्यांचा उगम पाहिला तर वेगळंच चित्र दिसतं. यातले बहुतेक शब्द घोड्यांची शर्यत, खेळाडूंचा बाजार, बंदूक, नाटक-सिनेमाचा धंदा अशा ठिकाणांहून आलेत, जिथे एकाच्या अंगच्या गुणांवर दुसऱ्याने काहीतरी लावलेलं असतं. पोरगं धावतं आणि शब्द बोलतो कठड्यापलीकडचा माणूस. म्हणून या प्रकरणात प्रत्येक शब्दाला आपण एकच प्रश्न विचारणार आहोत: हे कोण म्हणतंय आणि त्याचं काय पणाला लागलंय?

मैदान आणि बाजार

‘डार्क हॉर्स’पासून सुरुवात करू, कारण त्याचा अर्थ आपल्याकडे हमखास चुकतो. इथला ‘डार्क’ घोड्याच्या रंगाबद्दल नाही. ज्याची धाव कुणी पाहिलेली नाही, ज्याच्याबद्दल सट्टेवाले अंधारात आहेत, असा तो घोडा. बेंजामिन डिझरायली हा पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. त्याने तरुणपणी लिहिलेल्या, 1831 साली निघालेल्या ‘द यंग ड्यूक’ या कादंबरीत असा एक घोडा सगळ्यांना मागे टाकून निघून जातो. 1844 मध्ये जेम्स पोक यांना अमेरिकेच्या अध्यक्षपदाची उमेदवारी अनपेक्षितपणे मिळाली, तेव्हापासून हा शब्द राजकारणाचाही झाला. तेव्हा ज्या मुलाकडून सगळ्यांना मोठ्या अपेक्षा आहेत त्याला डार्क हॉर्स म्हणता येत नाही. अपेक्षाच नसणं ही या शब्दाची पहिली अट आहे.

बेसबॉलमध्ये तर होतकरूपणाला चक्क आकडा लावला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर श्रीमंत संघ शाळा-कॉलेजातल्या पोरांना सही करण्यापुरती मोठी रक्कम देऊन बांधून ठेवू लागले. याला आळा बसावा म्हणून एक नियम आला आणि पन्नासच्या दशकात तो कडक झाला: चार हजार डॉलरच्या वर बोनस दिला, तर त्या पोराला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचं, शिकायला खालच्या संघात धाडायचं नाही. अशा पोरांना ‘बोनस बेबी’ म्हणत. नियम संघमालकांच्या खिशाला लगाम घालण्यासाठी होता, पण शिक्षा भोगली पोरांनी. शिकण्याच्या वयात ती बाकावर बसून राहिली. डिसेंबर 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सने सॅंडी कूफॅक्स या अठरा वर्षांच्या गोलंदाजाला चौदा हजार डॉलर बोनस दिला. पहिली काही वर्षं तो क्वचितच मैदानात उतरला, आणि उतरला की चेंडू कुठे जाईल ते त्यालाही ठाऊक नसे. सूर सापडायला 1961 उजाडलं. पुढची सहा वर्षं त्याच्यासमोर फलंदाजांची गाळण उडत असे. सांध्याच्या दुखण्यामुळे तो तिशीतच निवृत्त झाला. आज त्याची गणना त्या खेळातल्या सर्वश्रेष्ठ गोलंदाजांत होते. बोनस बेबी म्हणून मैदानात आलेल्या बाकीच्या अनेकांची नावं मात्र आता फक्त हौशी आकडेमोड्यांनाच आठवतात.

बंदुकीच्या घराण्यातले दोन शब्द याच वस्तीतले. ‘हॉटशॉट’ हा जुन्या इंग्रजीत उतावळेपणाने गोळी झाडणारा माणूस होता. आता तो धडाडीचा आणि त्याची जाणीव असलेला वकील, वैमानिक किंवा विक्रेता आहे. कौतुकाच्या तळाशी ‘जरा जास्तच शहाणा’ हा गाळ अजूनही बसलेला आहे. ‘यंग गन’चं नातं पिस्तूलबाजांशी. ‘बिली द किड’ नावाने गाजलेला दरोडेखोर 1881 मध्ये गोळीने मेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता, आणि त्याच्यावरचा 1988 चा चित्रपट ‘यंग गन्स’ याच नावाचा. आता क्रिकेटचे समालोचक नव्या वेगवान गोलंदाजाला यंग गन म्हणतात तेव्हा त्यात रक्ताचा डाग उरलेला नसतो. ‘रूकी’ हा ब्रिटिश लष्करातला नवशिका, बहुधा ‘रिक्रूट’ या शब्दाची बराकीतली मोडतोड. तो होतकरू असेलच असं नाही, तो फक्त नवा असतो.

बाळांचा संघ

1951 मध्ये मॅंचेस्टरच्या एका क्रीडा पत्रकाराने मॅंचेस्टर युनायटेडच्या तरुण फुटबॉलपटूंना ‘बेब्ज’ म्हटलं आणि प्रशिक्षक मॅट बझ्बी यांच्या नावाशी जोडून ‘बझ्बी बेब्ज’ हा शब्द तयार झाला. बझ्बींना हे नाव कधीच आवडलं नाही. बाजारातून तयार खेळाडू विकत घेण्याऐवजी त्यांनी शाळकरी पोरं हेरून वाढवली होती, आणि ही ‘बाळं’ 1956 आणि 1957 असं लागोपाठ दोनदा इंग्लंडची साखळी स्पर्धा जिंकली.

6 फेब्रुवारी 1958 रोजी युरोपातला सामना खेळून परतताना म्युनिकच्या बर्फाळ धावपट्टीवर त्यांचं विमान कोसळलं. तेवीस जण दगावले, त्यात आठ खेळाडू होते. संघातला सर्वांत गुणी समजला जाणारा डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजून रुग्णालयात गेला. तो एकवीस वर्षांचा होता. ‘बझ्बी बेब्ज’ या शब्दाचा अर्थ तेव्हापासून कायमचा बदलला. आशेचा शब्द होता, तो शोकाचा झाला. वाचलेल्यांतला बॉबी चार्ल्टन दहा वर्षांनी, 1968 मध्ये, युरोपियन चषक जिंकणाऱ्या संघाचा कर्णधार होता.

त्याच क्लबात पुढे अलेक्स फर्ग्युसन यांनी पुन्हा पोरांवर भिस्त ठेवली. वृत्तपत्रांनी ‘फर्गीज फ्लेजलिंग्ज’ म्हणजे फर्गीची पंख फुटलेली पिल्लं असं नाव दिलं. ऑगस्ट 1995 मध्ये मोसमाच्या पहिल्याच सामन्यात संघ हरला आणि दूरचित्रवाणीवर ॲलन हॅन्सन या माजी खेळाडूने पोरांना घेऊन काही जिंकता येत नसतं, असा निकाल देऊन टाकला. त्या मोसमात पिल्लांनी साखळी आणि एफए कप, दोन्ही जिंकले. हॅन्सन यांना ते वाक्य आयुष्यभर चिकटलं. पैज लावणाऱ्याचं नुकसान झाल्याची नोंद राहते, अशा मोजक्या उदाहरणांपैकी हे एक.

लाडका, सोनेरी आणि निळ्या डोळ्यांचा

ऑफिसातले शब्द मैदानातल्यांपेक्षा जास्त विषारी असतात. ‘ब्लू-आइड बॉय’ म्हणजे साहेबाचा लाडका. अमेरिकेत त्यालाच ‘फेअर-हेअर्ड बॉय’ म्हणतात. भारतीय इंग्रजीत पहिला शब्द भलताच रुळला आहे, आणि इथल्या बहुतेक लाडक्यांचे डोळे काळे असले तरी कुणाचं काही अडलेलं नाही. शिफारसपत्रात मात्र तो चुकूनही लिहू नये. तो नेहमी पाठीमागे बोलला जातो, ज्याला बढती मिळाली नाही त्याच्या तोंडून, आणि त्यात गुणांपेक्षा मर्जीचा वास अधिक येतो.

‘गोल्डन बॉय’ वरकरणी गोड आहे. क्लिफर्ड ओडेट्स यांचं याच नावाचं नाटक 1937 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलं. त्यातला तरुण जो बोनापार्ट उत्तम व्हायोलिन वाजवतो, पण झटपट पैशासाठी मुष्टियुद्धात उतरतो. हातांवर दोन धंदे चालत नाहीत. त्याच्यावर पैसे लावणारे वाढत जातात आणि व्हायोलिन दूर जातं. आजही इंग्रजी पत्रकार एखाद्याला गोल्डन बॉय म्हणू लागले की तो कधी घसरतो याचीही वाट पाहायला लागतात.

स्त्रीलिंगी बाजू पातळ आहे, हे या शब्दांवरून नजर फिरवली तरी जाणवतं. बॉय वंडर, वंडर बॉय, ब्लू-आइड बॉय, लॅड, सगळे मुलगे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये अठराव्या वर्षी तीन सुवर्णपदकं मिळवणारी ऑस्ट्रेलियाची धावपटू बेटी कथबर्ट ‘गोल्डन गर्ल’ झाली, आणि आपल्याकडे पी. टी. उषालाही हेच बिरुद मिळालं, पण ते पदकं हाती आल्यावर. यश यायच्या आधीच मुलीवर डाव लावण्याची सवय या भाषेला फार उशिरा लागली. ‘व्हिझ किड’ टिकून राहिला त्याचं एक कारण हेही असेल की ‘किड’ला लिंग नाही.

उपरोधाकडेही लक्ष ठेवायला हवं. ब्रिटनमध्ये ‘ब्राइट स्पार्क’ म्हणजे चुणचुणीत पोर. पण ‘कोणत्या ब्राइट स्पार्कने रात्रभर पंप चालू ठेवला?’ असा प्रश्न आला, तर पुढे होऊन हात वर करू नये. अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज आपल्याच मंत्रिमंडळातल्या हर्बर्ट हूवर यांना खासगीत ‘वंडर बॉय’ म्हणत. हूवर तेव्हा पन्नाशी ओलांडून गेले होते आणि कूलिज यांना त्यांचे सल्ले सोसत नसत.

तुर्कस्तानातून महाडला

‘यंग टर्क’ हा शब्द गुणी पोरासाठी वापरायचा नसतो. तो पक्षातल्या किंवा संस्थेतल्या अधीर बंडखोरांसाठी आहे. 1908 मध्ये ऑटोमन साम्राज्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी आणि सुशिक्षितांनी सुलतानाला तीस वर्षं गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा लागू करायला भाग पाडलं. युरोपच्या वृत्तपत्रांनी त्यांना ‘यंग टर्क्स’ म्हटलं आणि हा शब्द जगभर फिरला. त्याच चळवळीतून आलेल्या सरकारच्या काळात, 1915 पासून, आर्मेनियन लोकांचं शिरकाण झालं. त्यामुळे आर्मेनियन श्रोत्यासमोर हा शब्द सहज फेकण्याजोगा नाही.

भारतात साठच्या दशकाच्या अखेरीस काँग्रेसमधल्या काही खासदारांना हे नाव मिळालं. चंद्रशेखर, कृष्ण कांत आणि आपले मोहन धारिया त्यात आघाडीवर होते. बँकांचं राष्ट्रीयीकरण करा, संस्थानिकांचे तनखे बंद करा, हा त्यांचा धोशा होता आणि इंदिरा गांधींना ज्येष्ठांविरुद्धच्या लढाईत या आवाजाचा उपयोग झाला. मूळचे महाड तालुक्यातले धारिया पुढे केंद्रात राज्यमंत्री झाले. मार्च 1975 मध्ये, जयप्रकाश नारायणांशी बोलणी करावीत असं त्यांनी जाहीरपणे म्हटल्यावर त्यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. आणीबाणी आली तेव्हा चंद्रशेखर आणि धारिया दोघंही तुरुंगात गेले. बंडखोरी आपल्या सोयीची असेतो तरुण तुर्कांचं कौतुक होतं, हे दोघांनी अनुभवलं. उरलेलं आयुष्य धारियांनी ‘वनराई’च्या कामाला दिलं. चंद्रशेखर पंतप्रधान झाले आणि 2007 मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेले, तेव्हाही श्रद्धांजलीच्या मथळ्यांत ते ‘यंग टर्क’च होते.

गावाने उचललेला मुलगा

आता एक असा शब्द, ज्यात पैज आहे पण जुगार नाही. स्कॉटलंडमध्ये गरीब घरातल्या हुशार मुलाला ‘लॅड ओ पेअर्ट्स’ म्हणत, म्हणजे अंगी कळा असलेला मुलगा. 1696 च्या कायद्याने तिथे प्रत्येक परगण्यात शाळा काढायला सांगितलं होतं. शाळामास्तरांनी चमकदार मुलगा हेरावा, त्याला लॅटिन पढवावं, गावातल्या चार बऱ्या शेतकऱ्यांनी वा पाद्र्याने खर्च उचलावा आणि मुलाने विद्यापीठ गाठावं, अशी रीत होती. मुलं घरून ओटच्या पिठाची गोणी घेऊन शहरात जात आणि महिनोन्महिने त्याच्याच लापशीवर काढत. सत्राच्या मध्यावर एका सोमवारी सुट्टी मिळे ती गावी जाऊन गोणी पुन्हा भरून आणण्यासाठी, म्हणून तिचं नावच ‘मील मंडे’ पडलं. आपल्याकडे वार लावून जेवत शिकलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं.

हा शब्द स्कॉटलंडबाहेर पोचवला तो इयन मॅक्लॅरन यांच्या 1894 च्या कथासंग्रहाने. त्यातला शाळामास्तर एका कंजूष शेतकऱ्याला पटवून गरिबाघरच्या जॉर्जला शिकायला पाठवतो. जॉर्ज विद्यापीठात अव्वल येतो आणि क्षयाने खंगून मरायला घरी परततो. वाचक ढसाढसा रडले, टीकाकारांनी भावुकतेची टिंगल केली. पण कल्पना खरी होती आणि तिच्यामागे पैसाही उभा राहिला: 1901 मध्ये अँड्र्यू कार्नेगी या स्कॉटिश विणकराच्या मुलाने, अमेरिकेत पोलादात कमावलेल्या संपत्तीतून, वीस लाख पौंड स्कॉटिश विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवले. या रीतीतही खोट होती. एका जॉर्जच्या कौतुकात वर्गातली बाकीची चाळीस मुलं विसरली जात, आणि मुलींचा तर विचारच नसे. तरी घोड्यावर लावलेला पैसा आणि गावाने भरलेली गोणी यांत फरक आहे: मुलगा नापास झाला, तर गावही त्याच्याबरोबर हरत असे.

हरलेली पैज कुणाच्या नावावर

इतर पैजांमध्ये हरल्याचा भुर्दंड पोरानेच भरायचा असतो. विल्यम जेम्स सायडिस हा 1898 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला मुलगा. वडील बोरिस मानसशास्त्रज्ञ होते आणि योग्य वळण लावलं की कुठलंही मूल असामान्य होतं, हा त्यांचा सिद्धांत होता. अकराव्या वर्षी विल्यम हार्वर्डमध्ये दाखल झाला. जानेवारी 1910 मध्ये त्याने तिथल्या गणित मंडळापुढे चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘प्रॉडिजी’ ठरवलं. हा शब्द लॅटिनमधून आलेला, आणि तिथे त्याचा अर्थ होता अघटित, अपशकुनी घटना.

मोठेपणी सायडिसला एवढंच हवं होतं की कुणी आपल्याकडे पाहू नये. तो आकडेमोडीच्या यंत्रावर साध्या कारकुनाची नोकरी करी, ओळख पटली की नोकरी सोडी, आणि ट्रामची बदलीची तिकिटं जमवी. त्यावर त्याने टोपणनावाने पुस्तकही लिहिलं. 1937 मध्ये ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने ‘हे आता कुठे आहेत?’ या सदरात त्याला हुडकून त्याच्या भाड्याच्या खोलीचं वर्णन छापलं. तो न्यायालयात गेला. 1940 मध्ये निकाल विरोधात लागला: एकदा लोकांचं कुतूहल झालेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे जाणून घेण्यात लोकांना रस असणारच, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. म्हणजे अकराव्या वर्षी दुसऱ्यांनी चिकटवलेली चिठ्ठी काढून टाकण्याचा अधिकार एकोणचाळिसाव्या वर्षीही त्याला नव्हता. 1944 मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, तो मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला.

1910 च्या त्या व्याख्यानाला नॉर्बर्ट वीनर नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा हजर होता. तोही प्रॉडिजीच: अकराव्या वर्षी कॉलेजात, अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट. त्याचे वडील लिओ भाषांचे प्राध्यापक होते. माझा मुलगा चारचौघांसारखाच आहे, ही किमया माझ्या शिकवणीची आहे, असं त्यांनी छापून सांगितलं. मुलाने ते वाचलं. जे साधेल ते वडिलांचं आणि जे चुकेल ते आपलं, असा या हिशेबाचा अर्थ त्याने लावला, आणि तो सल बरीच वर्षं टिकला. वीनर पुढे मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत गणित शिकवू लागला, नैराश्याशी झगडत राहिला आणि 1948 मध्ये त्याने सायबरनेटिक्स ही नवी ज्ञानशाखा मांडली. 1953 मध्ये त्याने बालपणाची कहाणी लिहिली आणि पुस्तकाला नाव दिलं ‘एक्स-प्रॉडिजी’, म्हणजे निवृत्त विस्मयबालक. या प्रकरणातल्या सगळ्या शब्दांमध्ये पोराने स्वतःच स्वतःला दिलेला शब्द एवढा एकच आहे, आणि तो द्यायला त्याला वयाची अठ्ठावन्न वर्षं लागली.